शेवंताआत्याचा नैवेद्य

माझ्या आत्याला दंडाला धरून देवळाबाहेर काढणारे काल तिला खांदा द्यायला आले होते.

मी देऊ दिला नाही.

गावात त्यावरून बरंच बोलणं चाललंय, म्हणून एकदाच लिहिते. गावाचं नाव लिहीत नाही. मार्गासनी सोडून पुढे आलं की आमचं गाव. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

शेवंताआत्या म्हणजे माझ्या अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि इथलीच झाली. भात, गुरं आणि मी, सगळ्यांना तिनेच वाढवलं.

आमच्या घराला भैरोबाचा मान होता. चैत्रातल्या यात्रेला देवापुढे पहिला नैवेद्य आमच्या घरचा.

आत्या पहाटे अंघोळ करून ओलेत्यानेच चुलीपुढे बसायची. पुरण शिजेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मग ताट घेऊन देवळापर्यंत जायची.

म्हणजे पायरीपर्यंत.

तिथे ताट अण्णांच्या हातात. अण्णा आत, ती बाहेर बायकांत.

बाईने आत जायचं नाही. का, तर भैरोबा कडक आहे.

आता गंमत ऐका. देऊळ नवीन बांधलं तेव्हा गाभाऱ्यात वाळू आणि खडी कोणी वाहिली? गावातल्या बायकांनी. आत्याही होती. देव तेव्हा बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला, त्यामुळे चाललं म्हणे. फरशी बसली, देव आत गेला आणि दाराला स्टीलची पाटी लागली. महिलांना प्रवेश नाही.

डोक्यावर घमेलं घेतलेली बाई चालते. हातात नैवेद्य घेतलेली चालत नाही.

मग अण्णा गेले. पुढच्या यात्रेला घरात आम्ही तिघीच. आत्या, आई आणि यात्रेसाठी माहेरी आलेली मी.

यात्रेच्या आदल्या दिवशी देवस्थान कमिटीचे अध्यक्ष घरी आले. म्हणाले, ताट तुम्हीच करा, आत न्यायला एखादा गडीमाणूस बघा. मी म्हटलं, बायकांना अडवता येत नाही असं कोर्टाने सांगितलंय, टीव्हीवर आलं होतं. ते म्हणाले, कोर्टाचं कोर्टात, देवाचं देवळात.

आत्याने एवढंच विचारलं, "कुनीबी गडी चालंल?"

"व्हय, कुनीबी."

"आन म्या न्हाई?"

ते चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी आत्या पायरीशी थांबली नाही. वर चढली, मंडपातून सरळ आत गेली, ताट देवापुढे ठेवलं आणि डोकं टेकवलं.

ते डोकं वर यायच्या आत दोघांनी तिचे दंड धरले.

सत्तरी ओलांडलेल्या बाईला मंडपातून ओढत बाहेर आणलं. मी मध्ये पडले तर मला ढकललं. अध्यक्ष खांबाला टेकून बघत होते. पुजाऱ्याने ताट देवळामागे नेऊन ओतलं, ते कुत्र्यांनी खाल्लं. मग गाभारा गोमूत्राने धुतला. तो धुऊन होईपर्यंत भाविकांनी सहकार्य करावं, असं माईकवरून सांगत होते.

संध्याकाळी बैठक बसली. नाक घासून माफी मागा, मान तुमच्याच घरात राहील, असं ठरलं.

आत्या म्हणाली, "चोरी केली असती तर घासलं असतं."

मान भावकीत गेला.

मी पोलिसांत जाऊ म्हणाले. ती नको म्हणाली. "तू जाशील भोरला सासरी. मला हितंच ऱ्हायाचंय."

राहिली. पण कशी?

त्या वर्षी भातावर रोग पडला, आत्यामुळे. कोणाची म्हैस आटली, आत्यामुळे. एकाचं पोरगं दारू पिऊन बाईकवरून पडलं, तेही आत्यामुळेच. शेजारची जनाकाकू, जिच्यासोबत तिने जन्मभर रानात भाकरी खाल्ली, ती रस्त्यात दिसली की मान वळवायला लागली. त्या दिवशी आत्या घरी येऊन जेवायची नाही.

आणि तिने देव सोडला. उपास सोडले. देव्हारा आईच्या हवाली केला.

मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला वढत नेलं तवा त्यो बघत व्हता."

पुन्हा त्याचं नाव तिच्या तोंडून ऐकलं नाही.

कमिटीवाल्यांनो, देवळातून बाहेर काढण्यावर तुमचं भागलं नाही. जन्मभर जपलेला तिचा देवसुद्धा तुम्ही काढून घेतलात.

काल सकाळी आत्या गेली. दुपारी अध्यक्ष हार घेऊन आले, सोबत कमिटी. तिरडी उचलायला पुढे झाले. मी म्हटलं, तुम्ही नाही.

"ताई, मेलेल्या माणसावर राग धरू नये."

"तिच्यावर नाहीच. तुम्ही जिवंत आहात."

ते मागे सरले, तसे बाकीचेही सरले. पुढे मी आणि माझा नवरा, मागे मामेभाऊ. चौथा खांदा मिळेना. एवढे गडी उभे, पण अध्यक्षांकडे बघत उभे.

मग बायकांतून जनाकाकू आली. पदर खोचला आणि बांबू खांद्यावर घेतला.

बायका स्मशानात जात नसतात, असं मागून कोणीतरी म्हणालं. काकूने वळून पाहिलं नाही. नदीपर्यंत रडत आली, पण खांदा बदलू दिला नाही.

मी तिला नको म्हटलं नाही. माफ केलंय असंही नाही.

अग्नी मी दिला.

आता मला रीत शिकवायला कमेंटमध्ये येऊ नका. यायचंच असेल तर आधी तिचे दंड कोणी धरले होते ती नावं लिहा. तुम्हाला पाठ आहेत.

आत्या, भाव पूर्ण आहे. श्रद्धा तूच टाकून दिलीस, ती मी कुठून आणू?

सावकाश जा.