टाकीतल्या माशाचं जेवण

आज सकाळी मत्स्यालयाच्या दुकानात एक गृहस्थ आपल्या माशाला खायला जिवंत छोटे मासे घेत होते. ते बघून मी एकटीच हसत सुटले.

सत्तरच्या दशकात बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली. आम्ही डमडमला राहायचो. घरी अंडंसुद्धा चालत नसे, पण बाबांनी काचेच्या टाकीत एक शिकारी मासा पाळला होता. दर रविवारी ते तळ्यावरून त्याच्यासाठी बोटाएवढे मासे पकडून आणायचे.

एकदा शेजारच्या बंगाली मावशींनी, म्हणजे आमच्या मासीमांनी, जिन्यात बाबांची बादली पाहिली. "चला, शेवटी मासे खायला लागलात," त्या खुशीत म्हणाल्या.

"आमच्या माशासाठी आहेत," दार उघडत आई घाईघाईने म्हणाली.

मासीमांचा चेहरा पडला. "इतके ताजे मौरला मासे टाकीतल्या माशाला घालता? त्याला कणकेच्या गोळ्या द्या." आणि बादली घेऊन त्या गेल्यासुद्धा.

दुपारी त्यांच्याकडून कुरकुरीत तळलेल्या माशांची बशी आली. "शेजाऱ्यांचं मन मोडू नये," म्हणत बाबांनी एक चाखला. मग बशी रिकामी झाली.

पुढच्या रविवारी ते मोठी बादली घेऊन निघाले.

आई शांतपणे म्हणाली, "माशाची भूक वाढलेली दिसते."

तुमच्या घरात पहिला मासा कोणाच्या नावावर आला?