मारुतीचं उरलेलं तेल

आमच्या घरात काहीच कुरकुरत नाही. चिंचणीला, समुद्राच्या इतक्या जवळ राहून हे सोपं नाही. खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. पण माझे सासरे दर शनिवारी मारुतीला तेल वाहून येतात आणि वाटीत उरलेलं तेल घरातल्या लोखंडाला लावतात. फाटकाच्या बिजागऱ्या, कोयते, खिडक्यांच्या कड्या, विहिरीवरच्या पंपाचे नट. हातात फडकं, तोंडाने चकार शब्द नाही. सांगलीकडून लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. मग एकदा माझ्या शिवणयंत्रालाही प्रसाद मिळाला आणि नवाकोरा ब्लाऊज वाया गेला. मी दोन दिवस धुसफुसत होते. देवाचं तेल म्हटल्यावर भांडायचं तरी कुणाशी?

नवऱ्याने पन्नाशीच्या तोंडावर डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड टायरची, डिस्क ब्रेकची. साध्या सायकलचा ब्रेक चाकाच्या कडेला धरतो. हिच्या चाकाच्या मध्यावर पोलादाची पातळ चकती असते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. आमच्याकडच्या दमट हवेत रात्रभर चकतीवर दव बसतं आणि सकाळी कोपऱ्यावरच्या वळणावर पहिला ब्रेक दाबला की ती अशी किंचाळते, की आळीतली कुत्री उठून बसतात. नवरा म्हणायचा, दोन-चारदा दाबला की जातो आवाज, बिघाड काही नाही. सासऱ्यांना हे पटायचं नाही. "सायकल सकालसकाल वरडते. लोकांना वाटंल, यांच्या घरात तेल नाय," असं ते म्हणायचे, पण मला. बापलेकांत बोलणं कमीच. दोघांचे निरोप माझ्यामार्फत जातात आणि दोघांचा राग माझ्यावर निघतो.

त्या शनिवारी नवऱ्याने दोन्ही चकत्या बदलल्या. जुन्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. पालघरच्या दुकानदाराने आधी मोठ्या मापाच्या दाखवल्या, पण त्या लावायच्या तर पॅड धरणारा भागही पुढे सरकवावा लागतो, म्हणून याने जुन्या मापाच्याच मागितल्या. नव्या चकतीवर कोरलेलं होतं की हिला मऊ पॅडच चालतील. मग तसले पॅड घेतले. दुपारी ओटीवर सगळं पसरून बसला. मी बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे स्पिरिटने पुसण्याचं काम माझ्याकडे आलं. "चकतीला बोट लावू नकोस," त्याने मला बजावलं, "बोटाचं तेलसुद्धा पॅड पितात." दुकानदाराने सांगितलं होतं की नवे पॅड सुरुवातीला नीट धरत नाहीत, वेग घेऊन पुन्हा पुन्हा दाबायचे, मग धरायला लागतात. याने ठरवलं, रविवारी वाघोबाच्या खिंडीतून मनोरच्या बाजूला उतरायचं आणि त्या उतारावरच ब्रेक पक्के करायचे. सासरे तेव्हा वाडीत होते. हे त्यांना सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

रविवारी तो उजाडताना निघाला. मी आरामात उठले, चहा टाकला. सासरे ओटीवर बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसत होते.

"आज वरडली नाय सायकल," ते म्हणाले.

"नव्या चकत्या आहेत बाबा."

"नव्या कुठल्या? काल संध्याकाली मी तेल लावलं. दोनी चाकांना. मारुतीचंच."

मी कप तसाच खाली ठेवला. ब्रेक लागला नाही की माणूस घाबरतो, थांबतो, उतरतो. हा घाबरणार नव्हता. पॅड नवे आहेत, अजून धरत नाहीत, असं समजून तो खिंड चढणार होता आणि पलीकडे मुद्दाम वेग घेणार होता.

फोन लावला. वाजला, उचलला नाही. सायकल चालवताना तो फोन आवाज बंद करून सीटखालच्या पिशवीत टाकतो. यावरून आमचं दहादा भांडण झालंय. मी गाऊनवरच ओढणी घेतली आणि स्कूटर काढली. सासऱ्यांना काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, जरा जास्तच जोरात. त्यांनी चप्पल घातली आणि मागे बसले.

बोईसरला कारखान्यांकडे जाणारे टँकर रस्ता अडवून उभे होते. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. एक ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मॅडम, उड के जाऊं क्या?" एरवी मी त्याला सोडला नसता. पालघरला जिथे तो चहाला थांबतो त्या टपरीसमोर सायकल नव्हती. चहावाला म्हणाला, पिऊन गेला, झाला थोडा वेळ. मला त्या चहाचा राग आला, एवढ्या लवकर संपणाऱ्या.

गाव मागे पडलं तसे सासरे माझ्या कानाशी आले. "वाघोबाजवल थांबंल ना? सगलेच थांबतात."

खिंडीच्या माथ्यावर वाघोबाचं देऊळ आहे. त्या रस्त्याने जाणारा ट्रकवालासुद्धा तिथे थांबून हात जोडतो. माझा नवरा चालत्या सायकलवरूनच हात कपाळाला लावतो. हे मला चांगलं माहीत होतं.

"थांबेल," मी म्हटलं.

त्यांनी माझा खांदा धरला होता. चढ लागला तशी ती पकड घट्ट होत गेली. त्यांना वाटत असावं की मी रागाने बोलत नाहीये. खरं तर मी इतकी घाबरले होते की राग कुठे गेला तेच कळत नव्हतं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पाठमोरा दिसेल. झाडं दिसायची, माकडं दिसायची.

देवळासमोर कुणी सायकलवाला नव्हता. नारळ विकणाऱ्या बाईला विचारलं. "आत्ताच उतरला," ती म्हणाली आणि मनोरच्या दिशेने हात केला. सासऱ्यांनी देवळाकडे बघून हातसुद्धा जोडले नाहीत. "चल पोरी," एवढंच म्हणाले.

उतारावर मी पहिल्यांदाच लक्ष देऊन माझ्या स्कूटरचा ब्रेक दाबला. तो लागला, याची मला लाज वाटली. तिसऱ्या वळणाच्या पुढे एक ट्रक कडेला घेऊन उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून डोंगराकडच्या गटारात बघत होता. मी स्कूटर ट्रकच्या मागे टाकली आणि धावले.

नवरा गटाराच्या काठावर बसला होता. कोपर सोललेलं, पँट फाटलेली, एका बुटाचा तळ रस्त्याला घासून अर्धा गेलेला. सायकल गवतात आडवी. वेग वाढला, ब्रेक पूर्ण दाबूनही चाक फिरतच राहिलं, पुढे ट्रक, मग त्याने पाय रस्त्याला लावला आणि सायकल डोंगराच्या अंगाला घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

वाटेत मी पाठ केलेलं सगळं भांडण विसरले. त्याचं डोकं पोटाशी धरून रडले, त्या ट्रकवाल्यासमोर.

सासरे मुलाकडे आले नाहीत. आधी सायकलपाशी गेले. वाकले, चकतीला बोट लावलं, चटका बसून मागे घेतलं आणि ते बोट नाकाशी नेलं. 

"मी लावलं," ते म्हणाले.

"ठाऊक हाय," नवरा म्हणाला. "तापल्यावर वास आला. गोड्या तेलाचा. आपल्या घरात अजून कोन लावनार?" मग जरा थांबून म्हणाला, "पन आवाज मात्र गेला, बाबा."

सासरे हसले नाहीत. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि ते बोट गवताला पुसत राहिले.

तेल प्यायलेले पॅड फेकून द्यावे लागले. चकत्या स्पिरिटने पुन्हा पुन्हा पुसून वाचल्या. सासऱ्यांनी मात्र तेलाची वाटी उचलणंच बंद केलं. मारुतीहून यायचे, वाटी भिंतीतल्या देवळीत ठेवून द्यायचे. फाटक कुरकुरायला लागलं, मग खिडक्या, मग पंप. मला त्या आवाजाने रडू यायचं. शेवटी एका शनिवारी नवरा सायकल ओढत ओटीवर घेऊन आला, वाटी आणि फडकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, साखळीला लागतं तेल. माझ्याच्यानं नीट होत नाय." आयुष्यात पहिल्यांदा निरोप माझ्यामार्फत आला नव्हता.

आता ते आधी जुन्या धोतराच्या फडक्यांनी दोन्ही चकत्या बांधून टाकतात आणि मगच साखळीकडे वळतात. हात साबणाने धुऊन फडकी सोडतात, ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघतात. रविवारी पहाटे फाटकाशी उभे राहतात. मी चहा हातात घेऊन हाका मारते, येत नाहीत. कोपऱ्यावरच्या वळणावर ब्रेक किंचाळतो, आळीतली कुत्री भुंकायला लागतात, तेव्हा कुठे ते आत येऊन चहा घेतात.