बियरच्या नळाचा कारागीर

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर मी लखनौच्या घरी मित्रांसाठी बियरचा नळ बसवला. पत्नी गेली आणि वर्षभर तो बंदच राहिला. शेवटी विकायचं ठरवून सफाईला एका कारागिराला बोलावलं.

त्यानं नळ खोलून एकेक भाग ब्रशनं घासला, बियरच्या नळीत, त्याच्या भाषेत 'लाइन'मध्ये, सफाईचं औषध सोडलं, मग ती पाण्यानं पुन्हापुन्हा धुतली. दर वेळी ग्लासातलं पाणी हुंगायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. अखेर त्या पाण्याचा एक घोट घेऊन तो हसला.

"मैं तो पीता नहीं, साहब. पर लाइन पड़ी-पड़ी ख़राब होती है. किसी को बुलाइए."

तो गेल्यावर मी जुन्या मित्राला फोन लावला. "रविवारी येतोस?"

त्यानं विचारलं, "सगळ्यांना आणू?"

"आण," मी म्हणालो.