तिसऱ्या रांगेतले देवानंद

कांता रामटेके मला पहिल्या भेटीत मुळीच आवडली नाही. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, आमच्यापासून चार घरं सोडून तिचा मुलगा अतुल राहतो. ती आणि तिचा नवरा देवानंद नागपूरहून त्याच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी चिवड्याचा डबा घेऊन गेले. बोलता बोलता गळ्यातल्या ठुशीला हात लावून म्हटलं, ही आमच्या घरात पेशवाईपासून आहे. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "पेशवाईतली नाही ही. तुमच्या सासूबाईंच्या लग्नातली असेल फार तर." घरी येऊन मी रवींद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, ही बाई कुणाला सुखाने जगू देणार नाही.

मग नणंदेला फोन केला, तर ठुशी खरंच सासूबाईंच्या लग्नातली निघाली. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिला फिरायला बोलवायला गेले, आणि महिन्याभरात आमचं अहो-जाहो गळून पडलं.

कांताने नागपुरात मराठी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. बाप गिरणीत, आई विड्या वळायची, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. शिकायचं ते खरं शिकायचं, हे तिच्यात तिथूनच आलेलं. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा झालेल्या मुलाच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तर हिने चालू नाटक थांबवलं आणि घड्याळ काढायला लावलं, तेही हेडमास्तर पहिल्या रांगेत बसलेले असताना. असली बाई.

देवानंद अगदी उलटा. वीज मंडळात क्लार्क होता. इतका हळू बोलायचा की चहा हवा का विचारलं तरी उत्तरासाठी त्याच्याकडे वाकावं लागे. कांता सांगायची, विहारात सगळे वंदना म्हणत असले तरी यांचा आवाज शेजारच्याला ऐकू जात नाही.

अतुलचं काम गमतीचं आहे. मालिकांमधल्या लढाईत हजारो माणसं दिसतात ना, त्यातली पुढची थोडी खरी, बाकीची हा घरात बसून कॉम्प्युटरवर बनवतो. त्याला चेहरे लागतात. त्या वर्षी त्याने आम्हा सगळ्यांना गॅरेजमध्ये दिव्यांच्या मधोमध बसवून चहूबाजूंनी फोटो काढले. हसा, रागवा, ओरडा. रवींद्र असा ओरडला की समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. देवानंदची पाळी आली तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. अतुल हसून म्हणाला, "बाबा, आवाज नकोच आहे मला. नुसतं तोंड उघडा."

दोन वर्षांपूर्वी देवानंद नागपुरातच वारला. हार्टने. अतुलला जाता आलं नाही. नुकतीच नोकरी बदललेली, व्हिसाचे कागद अडकलेले. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता, आणि त्याची बायको प्रणिता तेव्हा भरल्या दिवसांची होती. कांताने फोनवर सांगितलं, "झोपेत गेले. काही त्रास झाला नाही." त्यानंतर ती कायमचीच इकडे आली. नात झाली, नैना. कांता तिला सांभाळत होती, मी कांताला.

गेल्या वर्षी अतुलने काम केलेली मालिका टीव्हीवर आली. सातशे वर्षांपूर्वीचं स्कॉटलंड, इंग्रजांशी लढाया. आम्ही दोघी दुपारी नैनाला झोपवून बघायला बसायचो, आणि कांता एक मिनिट धड बघू द्यायची नाही.

"हे काय नेसलेत? चौकड्यांचं हे घागऱ्यासारखं वस्त्र यांच्यानंतर अडीचशेच्या वर वर्षांनी आलं. आणि तोंडाला निळा रंग? तो यांच्या हजार वर्षं आधीचा. मीनाक्षी, तू हसू नको. सिनेमावाले हे दाखवतात आणि जगभरची पोरं हेच खरं धरून चालतात." लायब्ररीतून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून, बोट ठेवून ठेवून ती वाचत होती. "पायदळातला साधा माणूस गोधडीसारखा जाड शिवलेला कोट घालायचा. जमलं तर लोखंडी टोप. हातात लांब भाला. भाले रोखून, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे ते. असे माकडासारखे उड्या मारत पळत नव्हते. राजाचं नाव सगळ्यांना माहीत, पण मेलेला हा माणूस काय घालून मेला ते तरी नीट दाखवा की."

मला ते गोधडीचे कोट आणि घागरे सगळं सारखंच. मी रवींद्रला शोधत होते. तो इंग्रजांच्या बाजूने चिखलात मरून पडलेला सापडला, आणि पुढचे कितीतरी दिवस मराठी मंडळात सांगत सुटला की मी तिरंदाज होतो.

तशीच एक दुपार. कांता बोलता बोलता गप्प झाली. तिने माझ्या हातातून रिमोट घेतला, मागे नेलं, थांबवलं.

"हे बघ."

तिसऱ्या रांगेत एक माणूस होता. लाल दाढी, गोरी कातडी, गालावर निळे पट्टे, अंगावर ते चुकीचं वस्त्र. पण कपाळ देवानंदचं. डोळे देवानंदचे. घोडा अंगावर येतो, तो डावा हात पुढे करतो, तोंड उघडून काहीतरी ओरडतो आणि खाली जातो. आवाज नाही, वर ढोल वाजत असतात. दोन-तीन सेकंदांचा खेळ.

मी आपलं म्हटलं, "छान केलं की गं पोराने. बापाला अमर केलं."

त्यानंतर ती रोज तेवढंच बघायला लागली. मी गेले की टीव्हीवर तेच थांबलेलं. पुस्तकं लायब्ररीत परत गेली. त्या माणसाच्या अंगावर काय आहे हे तिला दिसेनासंच झालं. रविवारी सगळे वंदनेला जमतात, तिथे जाणं बंद. जेवण निम्म्यावर. नैना साडी ओढायची तरी हिचं लक्ष नाही. मला तिचा राग यायला लागला, खरं सांगते. मी म्हटलं, "कांता, पुरे कर आता. फोटो लाव, फुलं वाहा, हे काय मांडलंयस?" तिने रिमोट उचलून पुन्हा मागे नेलं.

आमच्या फिरायच्या रस्त्याला त्या मोठाल्या बिनखिडक्यांच्या इमारती लागतात. सगळ्या जगाचे फोटो, सिनेमे, बँकांचे व्यवहार त्यांच्यात साठवलेले असतात म्हणे. आतून सतत घूं घूं चालू असतं, आम्हाला आता ते ऐकूही येत नाही. एक दिवस कांता कुंपणापाशी थांबली.

"यातल्या कशात असतील गं हे?"

मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?"

"भूतखेत मी मानत नाही, मीनाक्षी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली आहे मी. पण त्यांचे ओठ नीट बघ तू. आधी तोंड उघडतात. मग ओठ गोल होतात. मग जीभ वर जाते. अतुलला बोलावून राहिले ते."

"तुझ्या मनाचे खेळ आहेत."

"झोपेत नाही गेले हे," ती म्हणाली. मग कुंपणाला धरून, माझ्याकडे न बघता तिने सगळं सांगितलं. "दुपारपासून श्वास लागला होता. डॉक्टर म्हणाले, आता फार नाही. असाच डावा हात पुढे करून हे अतुल, अतुल ओरडत होते. ज्यांचा आवाज कधी शेजारी गेला नाही, ते अख्ख्या वॉर्डला ऐकू जात होते. तेवढ्यात अतुलचा फोन आला. मी दारापाशी गेले आणि म्हटलं, बाबा झोपलेत. बरे आहेत. तू येऊ नको. फोन यांच्या कानाला लावावा, एवढंच हवं होतं यांना. पण मग तो सगळं टाकून निघाला असता गं. प्रणिताचे दिवस भरत आले होते. व्हिसा गेला असता, नोकरी गेली असती. मी फोन ठेवला. त्यानंतर हे बराच वेळ ओरडत होते. मग थांबले."

मी तिचा हात धरला.

"हे मी कुणाला सांगितलं नाही. मग अतुलला तो हात कुणी सांगितला? ते ओठ कुणी सांगितले? सगळी मालिका खोटी आहे, मीनाक्षी. कपडे खोटे, रंग खोटा, लढाई खोटी. तेवढं एक खरं आहे."

मला भीती वाटली. भरदुपारी, उन्हात, गाड्या जात असताना भीती वाटली. त्यानंतर मला ते दृश्य एकटीने बघवलं नाही. रवींद्र कौतुकाने स्वतःचं प्रेत दाखवायला पाहुण्यांना बसवायचा, तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे.

मालिकेची पुढे बरीच थट्टा झाली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहिलं, लोकांनी इंटरनेटवर टिंगल केली. शेवटी कंपनीने ठरवलं की लढायांचे भाग दुरुस्त करून पुन्हा दाखवायचे. घागरे काढायचे, निळा रंग पुसायचा. कांता सुरुवातीला ओरडत होती तेच. सगळी गर्दी अतुलला नव्याने बनवायची होती.

एका शनिवारी सकाळी मी कांताकडे मेथी निवडत बसले होते. प्रणिता नैनाला घेऊन बाहेर गेली होती. अतुल वरच्या खोलीतून खाली आला.

"आई, तू म्हणत होतीस ना, तस्सं करतोय बघ. जाड कोट, लोखंडी टोप, भाले. तुझ्या पुस्तकांशी मॅच झालं सगळं." मग जरा घुटमळला. "कंपनीने नवे चेहरे दिलेत. जुने सगळे रिप्लेस करायचेत. पण बाबांना मी ठेवू शकतो. तिसऱ्या रांगेत कोण बघतंय? नीट कपडे घालतो त्यांना. सोमवारी द्यायचंय. ठेवू की काढू? तू सांगशील तसं."

मी उठायला लागले. कांताने माझं मनगट धरलं. "तू बस."

ठेव म्हणाली असती तर संपलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण बाई, ठेव म्हण. पण ठेवलं तर ती उरलेला जन्म त्या ओठांकडे बघत बसणार. काढलं तर ती हाक पुसली जाणार, आणि ती कुणाला मारली होती हे पोराला कधीच कळणार नाही. तिचा चेहरा बघून मला कळलं की ती काय करणार आहे.

"बस," ती अतुलला म्हणाली. तो बसला नाही. तिने वर्गात सांगावं तसं क्रमाने सगळं सांगितलं. श्वास कधी लागला, डॉक्टर काय म्हणाले, बाबा कसे ओरडत होते, फोन आला तेव्हा ती कुठे उभी होती, काय बोलली. काही गाळलं नाही, आणि रडलीही नाही. मीच रडत होते, मेथीच्या ताटात.

"झोपेत गेले हे खोटं होतं," ती शेवटी म्हणाली. "फोन त्यांच्या कानाला लावायला हवा होता. मी लावला नाही. आता तुला माझा काय राग करायचा तो कर."

अतुल खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तू झोपलेत म्हणालीस तेव्हा बाबा मागे ओरडत होते. फोनमध्ये येत होतं, आई. क्लिअर. माझं नाव येत होतं." त्याने हाताने तोंड पुसलं. "तो शॉट मी बसून हाताने केला. बाकी सगळी गर्दी सॉफ्टवेअर चालवतं, तेवढे ओठ मी केले. हात मनानेच केला. हाक मारताना ते नेहमी तोच हात पुढे करायचे."

तर असं होतं ते. भूत नव्हतं, काही नव्हतं. पण मला हायसं वाटलं नाही. उलट, भूत असतं तर बरं झालं असतं असं वाटून गेलं.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" कांताचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला. "फोन दे बाबांना, एवढं तरी म्हणायचं."

"म्हटलं असतं तर मला निघावं लागलं असतं. तू झोपलेत म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आई."

मला वाटलं, ती त्याच्या थोबाडीत देईल. किंवा जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही. मांडीवरची मेथी झटकली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काढ त्यांना तिथून," ती म्हणाली. "आपल्या दोघांनाही ऐकू आलं होतं. आता आणखी किती ओरडायला लावायचं?"

अतुल जागचा हलला नाही. मग तीच त्याचा हात धरून त्याला वर घेऊन गेली, आणि त्याचं काम होईपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.