धर्माबादच्या गोठ्यातली अळंबी

अक्काचं पत्र आलं, “अळंबी फुटली. पहिल्या तोडणीला ये.” शाळेतून दोन दिवसांची रजा काढली आणि निघालो. मद्रासहून बाटलीतलं बियाणं मीच मागवलं होतं. भाताच्या काडाचे वाफे कसे रचायचे, तेही मीच पत्रांतून शिकवलं होतं. कौतुक करून घ्यायलाच चाललो होतो म्हणा ना.

लातूरहून नांदेडची मोटार पहाटे सुटते. जाणार असाल तर पुढची जागा धरा. भादव्यात अहमदपूरच्या पुढे रस्ता चिखलाचा, मागे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. निजामाच्या हाली नाण्याचे सुटे पैसे जवळ ठेवा, इंग्रजी कलदार रुपया दिला की मोटारवाला हुज्जत घालतो. लोह्याला ज्वारीची भाकरी आणि ठेचा झकास मिळाला. नांदेडहून रेल्वेनं धर्माबादला पोचलो, तेव्हा ऊन कललं होतं.

गोठ्याचं दार उघडलं आणि नाकाला धोतराचा सोगा लावला. पांढऱ्या टोप्यांवर तपकिरी, ओले डाग पडले होते. बोट लावलं तर टोपी शेंबडासारखी हाताला चिकटली.

“परवापर्यंत मोत्यासारखी होती रे,” अक्का म्हणाली. “डाग दिसले म्हणून पाणी वाढवलं.”

टोप्यांवर पाणी साचलेलं होतं. हवेला फट नव्हती. अशा ओलीतच जंतू माजतात आणि अळंबी सडते, हे मला ठाऊक होतं. पण पत्रात मी लिहिलं होतं, ‘पाणी भरपूर शिंप, दार घट्ट लाव.’ टोप्या कोरड्या राहू दे, थोडी हवा खेळू दे, हे लिहायचं राहून गेलं होतं.

भावजी गेल्यापासून अक्का त्या घरात फक्त राबत होती. हा गोठा तिनं भांडून मिळवलेला. तिच्या सासूबाई दारात आल्या.

“म्या म्हनलं न्हवतं? हिच्या हाताला यशच न्हाई. उद्या म्हशी बांधा हितं.”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी वाफ्याकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सगळं काड उपसून शेताच्या कडेला जाळलं. ओलं काड नुसतं धुमसत होतं. स्टेशनवर निघताना तिनं दशम्या बांधून दिल्या. म्हणाली, “तुझी मेहनत वाया घालवली मी.” गाडी आली, मी चढलो.

लातूरला परतल्यावर चार पानं लिहिली. चूक माझी, तुझी नाही, सगळं लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं:

“पत्र पोचलं. या घरात मराठी वाचता येणारी मी एकटीच आहे. हे तू गोठ्यात, सगळ्यांसमोर बोलायचं होतंस. आता तिथं म्हशी आहेत.”

धर्माबादची वाट सांगितली, ती नीट आहे. मी मात्र परत गेलेलो नाही.