अर्धा राहिलेला ताल

चाकूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा अण्णांनी माझी बॅग वर चढवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "जिथलं पाणी प्यायचं, तिथल्या पाण्याला नावं ठेवायची न्हाईत." आई मात्र शेजारच्या बाईला सांगत होती, "किनवटला शाळेवर टाकलंय हिला. जंगलात. वाघ बी हाय म्हणं तिकडं." मला हसू येत होतं. चाकूरकरांनो, तुम्ही फोनवर अजून वाघाचंच विचारता, म्हणून हे लिहायला घेतलं. वाघ भेटलेला नाही. अस्वल भेटलं, पण लांबून, आणि तेही घाईत होतं.

आपल्याकडे कुठंही उभं राहा, नजर जाईल तिथवर सोयाबीन. इथं नजर दहा पावलांवर सागाला अडते, मग कानच जास्त कामाला लागतात. माझी शाळा दोन खोल्यांची. पोरं थोडी, घरात गोंडी बोलणारी, वर्गात मराठी चाचपत बोलणारी. मला आधीपासूनच चौकश्या फार, म्हणून माझं बरं जमलं. परिसर अभ्यासाचा तास मी ओढ्यावरच घेते. कोणतं पान कशाचं, कोणत्या पाखरानं घरटं कुठं बांधलंय, हे बघता बघता तास कधी संपतो कळत नाही. मग लॅपटॉप. एकच आहे, तोही जुना, आणि माऊस धरायला भांडणं. लाइट गेली की लॅपटॉप बाजूला, खिचडीच्या तेलाचा रिकामा डबा पुढं, आणि तालाचा तास सुरू.

इथं आले त्याच वर्षी अण्णा गेले. तब्येत बिघडल्याचं कळलं तशी मी निघाले. भोकरच्या अलीकडं गाडीत भावाचा फोन आला, "ताई, आता सावकाश ये." पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावा करून परतले, हजेरी घेतली, पाढे म्हणवून घेतले. इथं कोणाला काही सांगितलं नाही. तुमच्यापैकी जे दूर गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढं काही महिन्यांनी तालाच्या तासाला मी डब्यावर एक सावकाश ठेका धरला. आमच्या गल्लीत भजन सुरू होताना ढोलकीवर धरतात तसा, एक जड थाप, दोन हलक्या, मग थांबा. पोरांनी टाळ्या धरायला हव्या होत्या. ती एकेक करून उभी राहिली आणि माना खाली घातल्या. दुसरीतल्या रेणुकानं हळूच विचारलं, "कोण मेलं, मॅडम?" मी हसले, "कोणी नाही गं," म्हणाले आणि डबा बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोनच पोरं. तिसऱ्या दिवशी तीही नाहीत. पट कमी म्हणून शाळा बंद करायची कुजबुज तालुक्याला आधीपासून होतीच. शाळा बंद झाली असती, तर ओढा ओलांडून पलीकडच्या गावी एवढाली लेकरं कोणी धाडली नसती.

रेणुकाचे आजोबा लिंगूबाबा गावाचा ढोल वाजवतात. त्यांच्याकडं गेले. त्यांनी आधी चहा दिला, मग बोलले. "तुम्ही मयताचा ताल वाजवला, मॅडम. वाजवला त्याचं काही न्हाई. पण मधीच सोडला. अर्धा सोडलेला ताल कोणाच्या तरी नावाची वाट बघून राहते. लोक भेले. आपल्या लेकराचं नाव लागू नये म्हणून घरी ठेवून राहिले."

"मग आता?"

"पुरा करावा लागते. पण कोणाच्या नावानं करू?"

मी म्हणाले, "माझ्या अण्णांच्या." आणि इतके महिने न आलेलं रडू त्यांच्या ओसरीवर आलं. त्यांनी मला रडू दिलं. थोड्या वेळानं अण्णांचं नाव विचारलं आणि दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

सकाळी शाळेच्या अंगणात सगळं गाव आलं. रेणुकानं मला विचारलं, "मॅडम, लाल बटन दाबू?" लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करायला आम्ही त्याच महिन्यात शिकलो होतो. मी मान हलवली. लिंगूबाबांनी आधी अण्णांचं नाव मोठ्यानं घेतलं आणि ढोल उचलला. माझ्या डब्यावर जेवढं वाजलं होतं, त्याच्या पुढं तो ताल खूप लांब जातो. हळूहळू थापा विरळ होतात आणि शेवटची कोणती, हे ती संपल्यावरच कळतं. बायांनी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांनी हातपाय धुतले. मग बाबांनी बारशाचा, धावता ताल धरला आणि पोरांनी माझा डबा पळवला.

पोरं त्या दिवशी घरी गेलीच नाहीत, थेट वर्गात बसली. रेणुकानं एकेक अक्षर शोधत त्या रेकॉर्डिंगला नाव दिलं, 'मॅडमचे अण्णा'.

ते मी आईला पाठवलं. ऐकून झाल्यावर तिनं फोन लावला.

"सगळं गाव उभं होतं का गं?"

"हाव."

"वळख न्हाई, पाळख न्हाई," ती म्हणाली. मग लिंगूबाबांच्या घरी कोण कोण हाय, सून नीट बघते का, ढोल कशाचा करतात, असं कितीतरी विचारत राहिली. चौकश्या करायची खोड मला कुठून आली, ते तेव्हा समजलं.

बदलीचं काय, असं तुम्ही आता विचाराल. घर कुठलं, याचं एका शब्दाचं उत्तर माझ्याकडं उरलेलं नाही. चाकूरला आई आहे, आणि तिच्या हातची भाकर खायला मी येतच राहीन. पण अण्णांनी हे गाव कधी पाहिलं नाही, तरी इथं रस्त्यात एखादी म्हातारी मला थांबवते आणि त्यांचं नाव घेऊन विचारते, "त्यांची लेक ना तू?"