हुकमी उदाहरण

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची कारकुनी. आजोबा गोदीच्या कचेरीत, वडील विम्यात, मीही विम्यातच. माझ्या हुद्द्याला फक्त अधिकारी म्हणू लागले. दुसऱ्याचा मसुदा दिसला की आमचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता नाही.

मुलगी बारावीत होती. तिला बाहेरगावच्या एका कायद्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिथल्या प्रवेशपरीक्षेत अर्ध्या तासाचा इंग्रजी निबंध होता. विषय ऐनवेळी कळणार. दादरच्या क्लासमधल्या सरांनी त्याचं तंत्र पक्कं करून घेतलं होतं. पाच मिनिटं आखणी, वीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी. शिवाय प्रत्येकानं आपल्या घरातलं एक हुकमी उदाहरण तयार ठेवायचं. विषय निवडणुकीचा येवो की नदीचा, ते कुठं ना कुठं बसवता आलं पाहिजे. पेपर तपासून कंटाळलेला माणूस घरातलं माणूस दिसलं की थांबतो, असं सरांचं म्हणणं. मला ते फारच पटलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बायकोचं दुखणं निघालं. आधी परळच्या हॉस्पिटलात नुसत्या फेऱ्या होत्या, मग ती तिथंच राहिली. मी ऑफिस सुटलं की तिच्याकडे जायचो. मुलीच्या क्लासपासून हॉस्पिटल चालत पंचवीस मिनिटांवर, तरी क्लास सुटला की तिनं सरळ गिरगावात घरी यायचं, असा मी नियम केला होता. आईजवळ रविवारी एक तास. "परीक्षा होऊ दे, मग हवी तेवढी बस," असं मी तिला सांगितलं. डॉक्टर "बघू या" म्हणाले होते. त्या दोन शब्दांचा अर्थ मी मला सोयीचा तेवढाच लावला.

रोज सकाळी सहाला ती जेवणाच्या टेबलावर निबंध लिहायला बसायची आणि मी मोबाइलवर वेळ लावायचो. तो कागद घडी करून ऑफिसात न्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तपासायचा, हा माझा नेम.

एकदा विषय होता, तंत्रज्ञानानं माणसं जवळ आली का. तिनं लिहिलं होतं, 'माझी आई हॉस्पिटलात आहे. मी तिला रोज फोनवर बघते. फोनवर हात धरता येत नाही.' मी समासात लिहिलं : उदाहरण उत्तम, शेवटी विषयाकडे परत ये. मग कायदा आणि दया असा विषय आला. 'हॉस्पिटलातला वॉचमन कधी कधी नियम मोडून मुलांना वर सोडतो. आमच्या घरातला नियम मोडायचा तर अर्ज कुणाकडे करायचा?' मी ते वाक्य खोडलं आणि शेरा मारला : भरकटलीस. पुढं शहरातल्या अंतरांवरचा निबंध. 'दादर ते परळ पंचवीस मिनिटं लागतात. मी ती अजून चालले नाही.' त्याखाली रेघ ओढून मी लिहिलं : का नाही? कारण दे.

कारण दे म्हणे. आणि विचारणारा कोण, तर मी!

पोरगी आता चोवीस मिनिटांत निबंध संपवत होती. मी हॉस्पिटलात बायकोला कौतुकानं सांगितलं, "काय उदाहरण बसवते गं! कुठलाही विषय दे."

"कसलं उदाहरण?"

"तुझंच."

ती हसली. म्हणाली, "मला आण ना वाचायला."

"परीक्षा झाली की सगळे एकदम आणतो," मी म्हणालो. कागद तेव्हा माझ्या बॅगेत होता. पण त्यावर लाल खुणा होत्या, आणि मला तिला स्वच्छ प्रत द्यायची होती.

परीक्षेला नऊ दिवस असताना ती गेली. वार मंगळवार. रविवारचा तास होऊन गेला होता.

मुलीनं परीक्षा दिली. नको देऊस, असं सगळे म्हणत होते, पण ती ऐकेना. केंद्राबाहेर आल्यावर दुसऱ्या कुठल्याही बापानं तिला जवळ घेतलं असतं. मी विचारलं, "उदाहरण बसलं का?"

"ते उदाहरण नव्हतं बाबा. मी तुला विचारत होते."

"मग तोंडानं का नाही विचारलंस?"

"दोनदा विचारलं. तू टाइमटेबल दाखवलंस. निबंध निदान नीट वाचायचास."

घरी येऊन मी सगळे कागद काढले आणि पेन हातात न घेता पहिल्यापासून वाचले. प्रत्येकात ती आईकडे जायची परवानगी मागत होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि घडा मी होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिला प्रवेश मिळाला. निबंधात गुणही चांगले पडले. जाण्याच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती आणि मी चादरींच्या घड्या करून देत होतो. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आई माझी वाट बघायची का रे?"

तुझा अभ्यास बुडू नये एवढंच म्हणायची, हे उत्तर माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. त्यात आम्हा दोघांचीही सुटका होती. पण तिनं सरळ विचारलं होतं, म्हणून मी खरं तेच सांगितलं. रोज संध्याकाळी दाराकडे बघत आई मला विचारायची, आज क्लास लवकर सुटेल का.